हेडलाइट चांगला, पण कोणासाठी?

रात्री दुपदरी रस्त्यावर दुचाकी चालवली असेल, तर हा अनुभव तुम्हाला नक्की असणार. समोरची गाडी अप्पर लावून येते. आपण दोन-तीनदा डिप्पर देतो, पण तो ऐकत नाही. मग काही क्षण आपण निव्वळ अंदाजाने गाडी चालवतो. आता सांगा, त्याचा हेडलाइट चांगला की वाईट? त्याला विचाराल तर एक नंबर! आज ज्या संशोधनाकडे बघायचंय, त्याची खरी अडचण याच प्रश्नात आहे.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची संस्था आहे. तिने २०१६ मध्ये गाड्यांच्या हेडलाइटना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत मध्यम आकाराच्या ३१ गाड्या होत्या. त्यांतल्या फक्त एका गाडीला, टोयोटा प्रियस व्हीला, 'गुड' श्रेणी मिळाली. १० गाड्या थेट 'पुअर' ठरल्या.

मोजण्याची पद्धत समजून घ्या, कारण ती खरंच चांगली आहे. दिवा सुटा काढून प्रयोगशाळेत तपासत नाहीत. गाडी अंधाऱ्या ट्रॅकवर चालवतात: एकदा सरळ, चारदा वळणावर. किमान ५ लक्स उजेड किती अंतरापर्यंत पोचतो ते मोजतात, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर किती झगमगाट येतो तेही. दिव्याचा कोन नीट करून घेत नाहीत; गाडी जशी आली तशीच तपासतात. कारण तुम्ही-आम्ही तरी तो कोन कधी तपासून घेतो?

पण ५ लक्स म्हणजे 'दिसणं' नव्हे. काळे कपडे घातलेला माणूस आणि पांढरा सदरा घातलेला माणूस तेवढ्याच उजेडात सारखे दिसत नाहीत. म्हणजे हे बदली माप आहे. आपल्याला हवी ती गोष्ट थेट मोजता येत नाही, म्हणून तिच्या जवळची दुसरी गोष्ट मोजायची. अशा मापाला नंतर कधीतरी परीक्षा द्यावी लागते. आयआयएचएसने ती २०२१ मध्ये घेतली. 'पुअर' हेडलाइटवाल्या गाड्यांच्या तुलनेत 'गुड' वाल्यांचे रात्रीचे एकट्या गाडीचे अपघात १९ टक्के कमी आणि पादचाऱ्यांना धडकण्याचे अपघात २३ टक्के कमी निघाले. आपलंच माप खऱ्या अपघातांवर घासून बघितलं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता चिकित्सा. पहिली शंका तुम्हालाही आली असेल: चांगले दिवे कोणाकडे असतात? त्या २०१६ च्या फेरीत प्रियस व्हीचे 'गुड' दिवे फक्त सगळ्यात महागड्या मॉडेलवर, तेही वेगळं पॅकेज घेतलं तरच मिळत होते. महाग मॉडेल घेणाऱ्याचं वय, रस्ते, गाडी चालवायची पद्धत वेगळी असू शकते. मग फरक दिव्याचा की माणसाचा? इथे एक साधी युक्ती लक्षात ठेवा. त्याच गाड्यांचे दिवसाचे अपघात बघा. दिवसा हेडलाइटचा संबंध नाही. तरीही तेवढाच फरक दिसला, तर तो दिव्यामुळे नाही. असा कोणताही पेपर वाचताना आधी हे शोधा.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. हिशोब श्रेणी मिळालेल्या गाडीच्या नावावर मांडलाय. समजा, तिच्या झगमगाटाने समोरचा दुचाकीस्वार रस्त्याखाली गेला. हा अपघात कोणाच्या खात्यात? दुचाकीच्या! जिच्यामुळे घडलं ती गाडी तर पुढे निघून गेलेली. म्हणजे या मांडणीत उजेडाचा फायदा दिसतो, पण त्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसान दिसायची सोयच नाही. ट्रॅकवर झगमगाट मोजून श्रेणी कापतात हे खरं, पण त्या मापाची परीक्षा १९ आणि २३ टक्क्यांनी होत नाही.

संस्थेने २०२५ मध्ये झगमगाटाचाही स्वतंत्र अभ्यास केला. २०१५ ते २०२३ च्या पोलीस नोंदींत रात्रीच्या दर हजार अपघातांमागे जेमतेम एक-दोन ठिकाणी झगमगाट हे कारण निघालं. म्हणजे प्रश्न मिटला? थांबा. ही नोंद होते कशी? पोलीस पोचतात तेव्हा तो उजेड तिथे नसतो. जखमी माणूस सांगेल तरच कळणार, आणि जो सांगायला उरलाच नाही त्याचं काय? हा आकडा 'झगमगाटाने किती अपघात झाले' याचा नाही. 'किती अपघातांत तसं लिहिलं गेलं' याचा आहे.

हे आकडे आपल्याकडे आणायचा मोह झाला, तर आणखी सावध राहा. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे डिप्परचा उजेड उजव्या कडेला जास्त लांब जातो. आपल्याकडे डाव्या कडेला. शिवाय आपल्या रस्त्यांवर समोरून येणारा बहुतेकदा दुचाकीवर असतो.

मग हे संशोधन टाकाऊ का? अजिबात नाही. चांगले दिवे लावावेत, हे त्यातून पटतं. पण 'कोणाचंही नुकसान न होता' हे त्यातून सिद्ध होत नाही. तुमचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा एकच करा: तुमच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नक्की कोण, ते लिहा. आणि ज्याला त्रास होतो त्याची ओळ त्या तक्त्यात आहे का, तेवढं बघा.