पोकळ मूर्ती आणि रापलेली कातडी

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन छोट्या मूर्ती आहेत. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत दाबून जोडलेल्या, आतून पोकळ. कारागिराने सारा जीव ओतलाय तो केसांच्या रचनेत आणि दागिन्यांत. गाल मात्र नितळ ठेवलेत. कातडी वेगळी दाखवायची त्याला गरज पडली नाही. भाजलेल्या मातीचा स्वतःचा पोत होताच.

सिनेमासाठी, गेमसाठी संगणकात घडवलेला माणूसही असाच पोकळ असतो. बारीक जाळीचं एक कवच, आत काही नाही. पण त्याच्या मदतीला माती नसते, म्हणून पोत वरून चढवावा लागतो. एक थर रंगाचा, एक रंध्रांच्या आणि सुरकुत्यांच्या उंचसखलपणाचा, एक तकाकीचा. गेल्या पंचवीस वर्षांत या कलेने फार मोठी मजल मारली आहे. तरीही माझ्या धाराशिव जिल्ह्यातला चेहरा मला तिच्यात अजून भेटलेला नाही.

पूर्वी अडचण अशी होती की कितीही नीट रंगवलं तरी माणूस प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखा दिसायचा. अंधारात बोटांमागे बॅटरी धरली की बोटं लालभडक दिसतात, त्यात या अडचणीचं उत्तर होतं. उजेड कातडीवर आपटून सगळाच परत फिरत नाही. बराचसा आत शिरतो, रक्तामांसात भटकतो आणि थोडा बाजूला बाहेर पडतो. हेन्रिक वान जेन्सन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहन यांनी 2001 मध्ये हे भटकणं संगणकाला झेपेल अशा गणितात बसवलं. पुढच्याच वर्षी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गोलम पडद्यावर आला आणि त्याची कातडी ओली, जिवंत वाटली. या कामासाठी 2004 साली ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही दिला गेला. पॉल डेबेवेक यांनी 2000 मध्येच माणसाच्या चेहऱ्यावर सर्व दिशांनी प्रकाश टाकून तो टिपायची रीत दाखवली होती. एपिक गेम्सने 2021 मध्ये ‘मेटाह्यूमन’ हे साधन आणलं, तेव्हापासून ज्याला पूर्वी महिनोन्महिने लागत तो चेहरा घरबसल्या जुळवता येऊ लागला.

मग उणं काय आहे? उणी आहे ती मोजपट्टी. येल विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर किम यांनी 2020 मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं: आत शिरणारा उजेड हेच कातडीचं मुख्य लक्षण मानलं गेलं, कारण डोळ्यांपुढे तरुण, गोरी कातडी होती. सावळ्या-काळ्या कातडीत मेलॅनिन हा उजेड वाटेतच पितं. आतून परत येणारा प्रकाश कमी, म्हणून वरची तकाकी उठून दिसते. ज्या कलेने सगळी बुद्धी आतल्या उजेडावर खर्च केली, तिच्या हातून सावळा माणूस घडताना बहुतेक वेळा रंगाची पट्टी गडद केलेला गोरा माणूसच घडतो. मला हा या कलेचा मूळ दोष वाटतो. रंग बदलला की माणूस बदलतो, हा समजच चुकीचा आहे.

माझ्या आजीचा हात मला आठवतो. दंडावर चोळीची बाही संपे तिथे कातडीचा रंग बदले. वर गव्हाळ, खाली उन्हात रापलेला. मनगटावर बांगड्यांनी घासून गुळगुळीत झालेला पट्टा. तळव्याच्या भेगांत खुरपणीची माती कायमची बसलेली. आणि कोपराखाली गोंदण. ते काजळीने गोंदलेलं, पण दिसायचं हिरवट-निळं. सुईने काजळी कातडीच्या खालच्या थरात गेलेली असते. वरचा थर निळा उजेड परत पाठवतो, तांबडा खाली जाऊन काजळीत विरतो. जेन्सन यांच्या गणितातला तोच भटका उजेड आमच्या आजीच्या हातावर होता. गोंदण रंगाच्या थरावर निळ्या रेघांनी काढलं, तर ते पेनाने काढल्यासारखं दिसतं. ते खाली, काळ्यातच काढायला हवं आणि वरच्या थराला त्याचं काम करू द्यायला हवं.

दोष सगळा परदेशी प्रयोगशाळांचा नाही. चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांवरचे, दिवाळी अंकांवरचे लोण्यासारखे मऊ चेहरे पाहत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. त्या चित्रांची मोहिनी मी नाकारत नाही. पण आज चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर उन्हातान्हात राबणाऱ्या कार्यकर्त्याचा चेहरा घासूनपुसून गोरा केलेला असतो, तेव्हा वाईट वाटतं. मराठीत चेहऱ्याचा खरा अभ्यास झाला तो रंगभूषेत. ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या चित्रपटांसाठी 2011 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे विक्रम गायकवाड जिवंत कातडीवर, नटाच्या घामासकट काम करत. ते मे 2025 मध्ये गेले. असं हाताला आलेलं ज्ञान संगणकावर काम करणाऱ्या मुलांपर्यंत पोचायला हवं.

मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत मराठी मुलं हे काम रोज करतात आणि उत्तम करतात. त्यांच्या हाताशी नाही ती इथल्या कातडीची नोंद. ती करायला डेबेवेक यांच्यासारखा सर्व दिशांनी प्रकाश टाकणारा अवाढव्य पिंजरा लागत नाही. एक चांगला कॅमेरा, दिव्यावर एक आणि भिंगावर एक अशी दोन पोलराइझिंग फिल्टरं; ती एकमेकांना आडवी धरली की तकाकी गळते आणि उरतो आतला रंग, पुन्हा सरळ केली की तकाकी परत येते. दोन्ही फोटोंतला फरक म्हणजे त्या माणसाच्या कातडीची चमक. कला महाविद्यालयांनी परंडा, भूम, कळंबच्या गावांत जाऊन हे करावं; माणसाची संमती घेऊन, त्याच्या वेळेचा मोबदला देऊन. आणि ज्यांच्या घरी गोंदलेल्या हातांची आजी आहे, त्यांनी तिला विचारून, सकाळच्या तिरप्या उन्हात त्या हातांचे फोटो या दिवाळीच्या आत काढून ठेवावेत.