‘पाचात एक’ म्हणजे नेमकी कोण?

सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर एखादा भारदस्त आकडा टाकायची आपल्या सगळ्यांना घाई असते. मीही टाकला होता: ‘स्तनाच्या कर्करोगानंतर पाचात एकीहून अधिक स्त्रियांचा हात सुजतो.’ पुढे संदर्भ, आणि त्याच्यापुढे ‘म्हणून हा विषय महत्त्वाचा’. गाइडनी समासात एवढंच लिहिलं, ‘सुजतो म्हणजे किती?’ मला उत्तर देता आलं नाही. तो संदर्भ मी नीट वाचलाच नव्हता. आज तो तुमच्यासोबत वाचते.

आधी आजाराबद्दल थोडं. काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या किंवा त्या भागाला रेडिएशन दिलं, की हातातून परत जाणाऱ्या द्रवाची वाट अडते. तो साचतो आणि हात जड होतो. कधी हे काही महिन्यांत होतं, कधी काही वर्षांनी. याला लिम्फेडीमा म्हणतात. आपल्या आजीला अवधाण माहीत होतं, काखमांजर माहीत होतं, पण या सुजेला घरगुती शब्द नाही. जवळचा शब्द म्हणजे हत्तीरोग, आणि तो डासांमधून येणाऱ्या कृमींचा, विदर्भात आजही दिसणारा आजार. त्यामुळे बाईला वाटतं, आपल्यामुळे घरच्यांनाही होईल. (होत नाही.)

आता तो निबंध. डिसिपियो आणि सहकारी, लॅन्सेट ऑन्कॉलॉजी, २०१३. त्यांनी ७२ अभ्यास एकत्र केले आणि प्रमाण आलं १६.६ टक्के. फक्त रुग्णांचा पुढे पुढे पाठपुरावा करणारे ३० अभ्यास घेतले तेव्हा ते २१.४ झालं. ‘पाचात एकीहून अधिक’ हे वाक्य या दुसऱ्या आकड्यातून आलंय. यात लपवाछपवी काही नाही, पाठपुरावा केलेले अभ्यास जास्त भरवशाचेच असतात. पण त्या २१.४ ला चिकटलेला विश्वास-अंतराल बघा: १४.९ ते २९.८. म्हणजे साधारण सातात एकपासून साधारण दहात तीनपर्यंत काहीही त्यात बसतं. माझ्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं.

त्याच निबंधात एक तुलना आहे, आणि मला ती सरासरीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. काखेतल्या ग्रंथी मोठ्या संख्येने काढल्या तिथे प्रमाण १९.९ टक्के, आणि फक्त पहिल्या एकदोन ‘पहारेकरी’ ग्रंथी तपासायला काढल्या तिथे ५.६. जवळपास साडेतीनपट फरक. मग सरासरीची ती स्त्री कोण? आपल्याकडे कितीतरी जणी गाठ मोठी झाल्यावर येतात आणि त्यांची काख पूर्ण साफ करावी लागते. त्यांना हा सरासरीचा आकडा सांगणं म्हणजे धोका कमी करून सांगणं. लवकर आलेल्या बाईला सांगितला, तर उगाच घाबरवणं.

गाइडचा प्रश्न मात्र अजून तसाच होता. किती? कुठे दोन हातांच्या परिघात २ सेंटिमीटरचा फरक हा निकष, कुठे २०० मिलिलिटर, कुठे १० टक्के आकारमान. वहीत करून बघा. सोयीसाठी हात नळकांड्यासारखा धरा. मग आकारमान परिघाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. २० सेंमीचा बारीक हात सगळीकडे २२ झाला तर आकारमान २१ टक्क्यांनी वाढलं. ३४ चा ३६ झाला तर १२ टक्क्यांनी. निकष एकच, पण बारीक बाईला तो गाठायला जवळपास दुप्पट सूज यावी लागते. २०० मिलिलिटरचं तर आणखी गमतीशीर आहे: १६०० मिलिच्या हाताला ते साडेबारा टक्के, ३२०० मिलिच्या हाताला सव्वासहा. असे निकष मिसळून आलेल्या सरासरीला आपण पाठ केलेल्या पाढ्यासारखं म्हणत राहतो.

हे मला एवढं का टोचलं, तर मावशीमुळे. चार वर्षांपूर्वी तिची उजवी काख साफ केली. यंदा श्रावणात बांगड्या चढेनात. ती आधी गल्लीतल्या हाडाच्या डॉक्टरांकडे गेली आणि सहा आठवडे वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या. पुण्यात कॅन्सरची हॉस्पिटलं कमी नाहीत. पण ‘कॅन्सर स्पेशालिस्ट’ या एका शब्दात तीन माणसं असतात: शस्त्रक्रिया करणारे एमसीएच, केमो देणारे डीएम, रेडिएशनवाले एमडी. सुजलेला हात तिघांच्या मधल्या फटीत पडतो. आधी सर्जनना दाखवून गाठ परत आलेली नाही, शिरेत रक्त गोठलेलं नाही, एवढं पक्कं करायचं. ताप, लाली असेल तर त्याच दिवशी जायचं. मग लिम्फेडीमाचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे. आम्हाला हे कळायला दोन महिने लागले.

शस्त्रक्रियेनंतर मावशीला एक छापील कागद मिळाला होता: त्या हाताला सुई नको, बीपी नको, वजन नको. तिने भाकऱ्या थापणंही सोडलं होतं. फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात, बॉस्टनमध्ये, हातांची ३०४१ मोजमापं होती. रक्त काढणं, इंजेक्शन, विमानप्रवास यांचा सुजेशी लक्षणीय संबंध दिसला नाही. दिसला तो त्वचेच्या जंतुसंसर्गाशी, जास्त वजनाशी, काखेच्या मोठ्या शस्त्रक्रियेशी आणि तिथल्या रेडिएशनशी. इथे घाईने कागद फाडू नका. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. संसर्गाने सूज आली की सुजलेल्या हाताला संसर्ग लवकर झाला, हे त्यावरून सुटत नाही. शिवाय कळशी उचलण्याबद्दल त्यात कुणी विचारलेलंच नाही.

वजनाबद्दल जास्त ठोस पुरावा आहे: श्मिट्झ आणि सहकारी, २००९, सूज आधीच असलेल्या १४१ स्त्रिया, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. वर्षभर वजनं उचलणाऱ्यांमध्ये ११ टक्के जणींची सूज वाढली, न उचलणाऱ्यांमध्ये १२. त्रास बळावण्याचं प्रमाण तर १४ विरुद्ध २९. पण ती वजनं देखरेखीखाली, हळूहळू वाढवलेली, दाबाची बाही घालून उचललेली होती. रोज सकाळी बादल्या भरणं वेगळं. भाकरी या दोन्हींच्या मध्ये कुठे बसते, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी घ्यावा. पुण्याची कर्करोग नोंदणी सत्तरच्या दशकापासून नवे रुग्ण आणि मृत्यू मोजते, हात मोजत नाही.

मागच्या रविवारी मावशीच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली. कोपराखाली दहा सेंमीवर उजवा २६.५, डावा २५. दीड सेंटिमीटर. पहिल्या निकषाने ती रुग्ण नाही. त्या जागेपुरतं आकारमान काढलं तर १२ टक्के फरक, म्हणजे आहे. आणि ती उजवखुरी, तिचा उजवा हात आधीपासूनच थोडा भरलेला असणार. किती, ते शस्त्रक्रियेआधीच्या मापावरून कळलं असतं. फाइल मी दोनदा उलटसुलट चाळली. ते माप कुणी घेतलेलंच नाही.