मिसळीच्या पलीकडचं नाशिक

नाशिकच्या खाण्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण मिसळीपाशी सुरू होतात आणि मिसळीपाशीच थांबतात. मिसळीचं कौतुक मलाही आहे. पण गेल्या शंभर वर्षांत या शहरात जितक्या तऱ्हेची माणसं येऊन स्थिरावली, त्या मानानं इथल्या नावाजलेल्या हॉटेलांचा आवाका फार तोकडा आहे. चवीचं नवं काही घडतंय ते वस्त्यांमध्ये, पाट्या लहान असलेल्या ठिकाणी. शहर मात्र ते मोजायला तयार नाही.

ही माणसं आली ती पोटापाण्यासाठी. नाशिकरोडला 1925 मध्ये सिक्युरिटी प्रेस आली. देवळालीला इंग्रजांची छावणी होती, हवापालटासाठी येणाऱ्या पारशी-गुजराती कुटुंबांची सॅनेटोरियमं होती, आणि फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासितांची छावणी पडली. 1964 मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, त्याच्याबरोबर देशभरातले तंत्रज्ञ आले. मग सातपूर, अंबड इथल्या एमआयडीसी, आणि त्या कामगारांसाठी सिडकोची घरं. जळगाव-धुळ्याकडची हजारो कुटुंबं याच सिडकोत राहिली. जुन्या नाशकात चौक मंडई, दूधबाजार भागातल्या गल्ल्यांची खाद्यपरंपरा आणखी वेगळी. रमजानच्या संध्याकाळी तिथे गेलं की कळतं.

सिडकोबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. इथल्या छोट्या घरांच्या पुढच्या खोल्या हळूहळू दुकानं झाल्या, आणि त्यातल्या कित्येक खोल्यांमध्ये खानदेशी स्वयंपाक शिजतो. शेवभाजी तिथे खावी. तिचा जीव काळ्या मसाल्यात असतो. कांदा आणि सुकं खोबरं थेट आचेवर काळपट होईस्तोवर भाजायचं, दगडफूल-धणे वेगळे परतायचे, आणि सगळं एकत्र वाटायचं. खोबरं कमी भाजलं तर रस्सा फिका पडतो, जास्त भाजलं तर कडवट. जाड, लसूण घातलेली तिखट शेव ताट पुढे येण्याच्या क्षणी पडायला हवी; दहा मिनिटं आधी पडली तर तिचा लगदा होतो. चांगल्या ठिकाणी ती वाढताना वरून घालतात. हिवाळ्यात कळण्याची भाकरी आणि भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत मिळतं. काही बायका ऑर्डर दिली तर मांडेही करून देतात. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत इतका पातळ करायचा की त्यातून पलीकडचं दिसावं, आणि मग तो चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा. एवढं कसब असलेल्या हातांना आपण ‘घरगुती’ म्हणतो आणि पैसे कमी देतो, याचं मला वाईट वाटतं.

प्रभाव येणं आणि त्यातून नवं घडणं यात अंतर असतं. नाशकात ते अंतर पार केल्याचं माझ्या मते सगळ्यांत चांगलं उदाहरण म्हणजे उलटा वडापाव. मुंबईनं पावात वडा घातला. इथे बटाट्याचं सारण पावात भरतात, अख्खा पाव बेसनात बुडवतात आणि तळतात. बाहेरचं कवच कुरकुरीत, आत पाव मऊ, त्याच्याही आत लसणाचा तिखट बटाटा. सगळं साहित्य मुंबईचंच, क्रम मात्र नाशिकचा.

मिसळीनंही एके काळी असंच केलं. मोड आलेली मटकी, काळ्या किंवा लाल मसाल्याचा रस्सा, जोडीला पापड आणि दही, शेवटी जिलेबी किंवा गुलाबजाम अशी पुरी पंगत नाशकानं एका न्याहारीत बसवली. ‘साधना’ या हॉटेलानं चुलीवरची मिसळ गावाबाहेर मोकळ्या जागेत नेली. तिथे रविवारची सकाळ घालवायला सहकुटुंब जाण्याची पद्धत पडली, आणि तो खरा नवा विचार होता. मात्र त्यानंतर जे पीक आलं, त्यात चव मागे राहिली. बैलगाडी, झोपाळा, घोंगडी, सेल्फीसाठी जातं आणि मुसळ. रस्सा मात्र तयार मसाल्याचा, वरची तर्री रंगापुरती. मळ्यात बसून खाल्लं म्हणून मिसळ मळ्याची होत नाही.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडची अवस्था मला याहून चिंतेची वाटते. तिथल्या अनेक मेनूकार्डांवर पंजाबी, चायनीज, इटालियन, मेक्सिकन असे चार-पाच देश असतात. स्वयंपाकघरात मात्र सकाळी लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या शिजवून ठेवतात, आणि पनीर, कोफ्ता, काजू, मशरूम सगळे त्याच तिघींत बुडतात. भाडं जबर, गिऱ्हाईक घाईत, आचारी सहा महिन्यांत दुसरीकडे. त्यामुळे मालक जोखीम घेत नाही, हे समजू शकतो. पण याला विविधता म्हणता येत नाही. देवळालीतल्या सिंधी घरातला दाल-पकवान या एका रस्त्यावर मानानं मिळाला, तर त्या पाच देशांपेक्षा जास्त अंतर कापल्यासारखं होईल.

सगळ्यांत मोठी संधी वाईननं आणली होती. राजीव सामंत यांनी 1999 मध्ये ‘सुला’ची स्थापना केली, पाठोपाठ इतर वायनरी आल्या, दिंडोरीत फ्रेंच ‘शांदाँ’ आली. गंगापूर धरणाच्या काठावर पुण्या-मुंबईची गर्दी होऊ लागली. जगात जिथे जिथे द्राक्षांचा मुलूख आहे, तिथे वाईनच्या जोडीला त्याच मातीतलं अन्न असतं. आपण मात्र जोडीला पिझ्झा, पास्ता आणि चीजची ताटली ठेवली. ‘सुला’च्या आवारातही ‘लिटल इटली’ आलं. ते अन्न वाईट नव्हतं, आजही नाही. प्रश्न असा की चेनिन ब्लांकचा किंचित गोडवा तिखटाला उत्तम उतारा असताना, तिच्याबरोबर भरीत, पातोडीचा रस्सा, भाजलेला कांदा ठेवून बघावं, असं फार थोड्या स्वयंपाकघरांना का वाटलं? लासलगावचा कांदा दाराशी, पिंपळगावचा टोमॅटो दाराशी, आणि मेनूवर त्यांचं नावही नाही.

तीच गत नागलीची. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, हे नागली आणि वरईचे तालुके शहरापासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा भाषणं पुष्कळ झाली. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, बचत गटांच्या बायका प्रदर्शनांत नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं करून वाढतात, रांगा लागतात. आणि मांडव उतरला की ते पदार्थ शहरातून नाहीसे होतात. या बायकांना प्रदर्शनाऐवजी बारा महिन्यांचं दुकान मिळायला हवं, आणि ते महापालिकेच्या एखाद्या पडून असलेल्या गाळ्यात सहज मिळू शकतं. 2027च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाटांचं नियोजन चालू आहे. लाखो माणसं येतील, जेवतील. त्यांच्यासाठीच्या आराखड्यात सिडकोतली एक खानदेशी खानावळ, देवळालीतलं एक सिंधी स्वयंपाकघर आणि सुरगाण्याच्या एका बचत गटाचं नाव आत्ताच लिहिलं, तर त्यांना तयारीला वेळ मिळेल.