बटण कोण दाबतो आणि प्रश्न कोण लिहितो?



आजचा विषय या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनीच सुचवलेला आहे. हातात मोबाइल आहे. त्यावरून पैसे पाठवता येतात, सातबारा काढता येतो, मग कायद्यावर मत का देता येऊ नये? पाच वर्षांतून एकदा आमदार-खासदार निवडायचे आणि नंतर त्यांनी कुठल्या गटातून कुठल्या गटात उडी मारली हे टीव्हीवर बघत बसायचं. त्यापेक्षा प्रत्येक ठरावावर आपणच बटण दाबू, मधला माणूस हवाच कशाला? हे विचारणाऱ्यांत तरुण पुष्कळ आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. म्हणून 'अव्यवहार्य' असा शिक्का मारून या कल्पनेतून मोकळं होणं आम्हाला पसंत नाही.

तंत्रज्ञानाचा मुद्दा आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. एस्टोनिया हा छोटा देश 2005 पासून इंटरनेटवरून मतदान घेतो. 2023 च्या संसद निवडणुकीत तिथली निम्म्याहून अधिक मतं इंटरनेटवरून आली. उलट स्वित्झर्लंडमध्ये 2019 साली अशा प्रणालीत संशोधकांना गंभीर दोष सापडले आणि वापर थांबवावा लागला. 2023 पासून काही प्रांतांत मर्यादित स्वरूपात तो पुन्हा सुरू झाला. म्हणजे अडचणी आहेत, त्यातल्या काही सुटतीलही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. एस्टोनियातले लोक इंटरनेटवरून निवडतात ते प्रतिनिधीच. यंत्रानं प्रतिनिधी निवडणं वेगळं आणि यंत्रानं प्रतिनिधी हटवणं वेगळं. आमची टीका दुसऱ्या गोष्टीवर आहे. समजा, यंत्र निर्दोष झालं, प्रत्येकाच्या हाती आलं. तरी ही गोष्ट आपल्याला हवी आहे का?

या कल्पनेचा तात्त्विक पूर्वज म्हणून रूसोचं नाव घेतलं जातं. 1762 मध्ये 'सामाजिक करार' या ग्रंथात त्यानं मांडलं की इच्छेचं प्रतिनिधित्व होऊ शकत नाही, आणि इंग्रज माणूस स्वतःला स्वतंत्र समजत असला तरी तो स्वतंत्र असतो फक्त निवडणुकीपुरता. आजच्या तरुणाचं म्हणणं वेगळं काय आहे? पण रूसोची पुढची पायरी आपण विसरतो. 'सगळ्यांच्या इच्छांची बेरीज' आणि 'समष्टीची इच्छा' या दोन गोष्टी त्यानं वेगळ्या मानल्या. माझ्या फायद्याचं काय, हे प्रत्येकानं सांगितलं आणि त्याची बेरीज केली, तर ती पहिली. आपल्या सगळ्यांच्या हिताचं काय, हे ठरवायला नागरिक म्हणून विचार केला, तर ती दुसरी. मोबाइलवरचं बटण बेरीज उत्तम करतं. दुसरं काम त्याच्या आवाक्यातलं नाही.

गंमत अशी, की रूसोच्याच नावानं हा प्रयोग झालेला आहे, आणि तो आपण नीट बघितला पाहिजे. इटलीत 2009 मध्ये विनोदी नट बेप्पे ग्रिलो आणि इंटरनेट-व्यावसायिक जानरोबेर्तो कासालेज्जो यांनी 'फाइव्ह स्टार' चळवळ स्थापन केली. भ्रष्ट राजकारण्यांचा वीट आलेल्या लोकांची ही चळवळ. 2016 पासून तिच्या सदस्यांचं ऑनलाइन मतदान ज्या मंचावर होऊ लागलं, त्याचं नावच 'रूसो'. मंच चालवत होती कासालेज्जोंच्या मुलाच्या अध्यक्षतेखालची एक खासगी संस्था. पुढेमागे संसदेची गरजच उरणार नाही, असं सूचित करण्यापर्यंत या चिरंजीवांची मजल 2018 मध्ये गेली होती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत चळवळीला एक कोटीहून अधिक मतं पडली आणि ती सत्तेत आली.

मग काय झालं? ऑगस्ट 2018 मध्ये तटरक्षक दलाच्या जहाजावर वाचवून आणलेल्या स्थलांतरितांना गृहमंत्री साल्व्हिनी यांनी कित्येक दिवस उतरू दिलं नव्हतं. त्यांच्यावर खटला चालवायला सिनेटची परवानगी हवी होती. साल्व्हिनी फाइव्ह स्टारच्या मित्रपक्षाचे नेते. फेब्रुवारी 2019 मध्ये चळवळीनं हा निर्णय सदस्यांवर सोपवला. पण प्रश्न कसा लिहिला होता? 'खटल्याला परवानगी द्यावी का?' असा नाही. राज्याच्या हितासाठी हा विलंब झाला का, अशा अर्थाची त्याची रचना होती. 'हो' म्हणजे खटला नको आणि 'नाही' म्हणजे खटला हवा. या गोंधळाची थट्टा खुद्द ग्रिलो यांनी केली. सुमारे 52 हजार लोकांनी मत दिलं, त्यातल्या 59 टक्क्यांनी 'हो' म्हटलं आणि मंत्र्यांचा खटला टळला. एक कोटी मतदारांची चळवळ, आणि निर्णय 52 हजारांचा!

दोन वर्षांनी मारिओ द्रागी यांच्या सरकारला पाठिंबा द्यायचा की नाही, यावर पुन्हा मतदान झालं. या वेळी प्रश्नातच नव्या पर्यावरण मंत्रालयाचा गूळ लावलेला होता. उत्तर पुन्हा नेतृत्वाला हवं तेच आलं, पुन्हा 59 टक्के. आणि त्याच वर्षी, 2021 मध्ये, पैशांवरून चळवळ आणि 'रूसो' यांचं फाटलं. सदस्यांची यादी कोणाच्या ताब्यात राहणार यावरही भांडण झालं. मधला माणूस काढायला निघालेल्यांना अखेर कळलं, की मधला माणूस गेलेला नाही. तो फक्त पडद्यामागे गेला आहे, आणि तिथून त्याला निवडणुकीत पाडता येत नाही.

आमच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. थेट मतदानात सत्ता बटण दाबणाऱ्याकडे येते असं वाटतं, पण ती असते प्रश्न लिहिणाऱ्याकडे. कोणता प्रश्न, कोणत्या शब्दांत, कधी आणि कशानंतर विचारायचा, हे ठरवणारा कोणीतरी असतोच. संसदेत त्याला सभापती, कामकाज समिती, विरोधी पक्ष दिसतात. ते नीट वागतात असं आम्ही म्हणत नाही. पण ते दिसतात, आणि दुरुस्ती सुचवता येते. मोबाइलच्या पडद्यावर 'हो' आणि 'नाही' असतं. 'तुमचा प्रश्नच चुकला आहे' असं तिसरं बटण तिथे नसतं.

आता दुसरी अडचण, जरा तर्कशास्त्राची. आपल्या हाउसिंग सोसायटीचंच उदाहरण घेऊ. तीन मजले, तीन सभासद. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात: नवी लिफ्ट नको, मग मेंटेनन्स वाढवायला नको आणि कर्जही नको. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणतात: लिफ्ट हवी, कर्ज काढा, मेंटेनन्स वाढवू नका. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात: लिफ्ट हवी, मेंटेनन्स वाढवा, पण कर्ज नको. तिघंही शहाणे आहेत, तिघांचंही बोलणं आपापल्या जागी सुसंगत आहे. आता तीन ठरावांवर वेगवेगळी बटणं दाबा. लिफ्ट हवी: दोन विरुद्ध एक, मंजूर. मेंटेनन्स वाढवू नये: मंजूर. कर्ज काढू नये: तेही मंजूर. लिफ्ट हवी आणि पैसा कुठूनच नको! तीन शहाण्यांनी मिळून एक वेडा ठराव केला, आणि यात कोणीही चूक केलेली नाही.

हे केवळ कोडं नव्हे. कॅलिफोर्नियात 1978 मध्ये मतदारांनी थेट मतदानानं मालमत्ता करावर सुमारे एक टक्क्याची मर्यादा घातली आणि नवे कर लावायला विधिमंडळात दोन-तृतीयांश बहुमत सक्तीचं केलं. त्याच मतदारांनी 1988 मध्ये शाळांवरचा किमान खर्च बांधून दिला. दोन्ही इच्छा समजण्यासारख्या आहेत. पण 2009 च्या मंदीत त्या राज्यावर देणेकऱ्यांना पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या देण्याची वेळ आली. मंदी हे मोठं कारण होतंच. पण राज्याचे हात आधीच दोन बाजूंनी बांधलेले होते. या इच्छा एकत्र बसवून 'हे मिळेल, त्यासाठी ते सोडावं लागेल' असं सांगणारं कोणीतरी लागतं. अर्थसंकल्प म्हणजे दुसरं काय असतं?

तिसरा मुद्दा नीतिशास्त्राचा. मराठीत 'उत्तर' आणि 'उत्तरदायी' हे शब्द शेजारी-शेजारी आहेत, पण एक नाहीत. बटण दाबणारा उत्तर देतो. तो उत्तरदायी होत नाही. निर्णय चुकला तर लाखो लोकांतल्या कोणाला जाब विचारायचा? मत गुप्त आहे, आणि ते गुप्तच असलं पाहिजे. प्रतिनिधीचं सभागृहातलं मत मात्र उघड असतं, निदान असायला हवं. तो चुकला तर पुढच्या वेळी आपण त्याला घरी बसवतो. हा हिशेब कच्चा आहे, उशिरा होतो, पण होतो. जनतेला घरी कोण बसवणार?

आणि या हिशेबाची सगळ्यात जास्त गरज कोणाला असते? जे संख्येनं किंवा बळानं कमी आहेत त्यांना. थेट लोकशाहीचं माहेर म्हणून आपण स्वित्झर्लंडकडे बघतो. तिथे 1959 साली संसदेनं स्त्रियांना मताधिकार देण्याचा प्रस्ताव संमत करून मतदारांपुढे ठेवला. मतदार म्हणजे अर्थात फक्त पुरुष. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांनी 'नाही' म्हटलं. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं ते 1971 मध्ये. अपेन्झेल इनररोडन या छोट्या प्रांतात तर पुरुषांनी भर चौकात हात वर करून 1990 पर्यंत नकार दिला, आणि शेवटी न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. प्रतिनिधी पुढे होते, थेट मतदार मागे होते.

आपले प्रतिनिधी नेहमी पुढे होते असं मात्र नाही. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून 1951 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं, हे आपण विसरू नये. पण 1955-56 मध्ये विवाहाचे, वारशाचे कायदे तुकड्या-तुकड्यांनी का होईना, झाले. आणि ते करणारे 1957 मध्ये मतदारांसमोर उभे राहिले. मुलीला वडिलांच्या संपत्तीत वाटा द्यावा का, असा प्रश्न त्या काळी घरोघरी बटणावर टाकला असता, आणि बटण घरातल्या कर्त्या पुरुषाच्या डोळ्यांसमोर दाबायचं असतं, तर काय झालं असतं? याचं उत्तर ज्यानं-त्यानं आपल्या घराकडे बघून द्यावं.

मग थेट निर्णयाला जागाच नाही का? आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्रात दाखवता येते. गावातलं दारूचं दुकान बंद करायला स्त्रिया मतदानाची मागणी करतात; चिठ्ठीवर 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली' अशी चित्रं असतात. प्रश्न सुटा आहे, सगळ्यांना समजलेला आहे, आणि परिणाम भोगणाऱ्याच मत देणाऱ्या आहेत. दुसरं उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. 2009 मध्ये त्यांनी वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. पण तिथली पद्धत नीट बघा. आधी अभ्यासगट बसतो, माहिती गोळा होते, मग ग्रामसभा बोलते, आणि निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतो. एकाचा विरोध असला तर पुन्हा बसायचं. यात बटण कुठे आहे? थेट लोकशाहीतलं मोलाचं जे आहे ते त्या बसण्यात आहे. घोषणेचा पहिला अर्धा भागही विसरू नका. दिल्ली-मुंबईचं सरकार त्यांनी नाकारलेलं नाही, 'आमचं' म्हटलं आहे.

आता तरुणांच्या रागाकडे येऊ. त्यांना प्रतिनिधी निरुपयोगी वाटतो, कारण आपण त्याला तसा करून ठेवला आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आणलं. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं की सदस्यत्व धोक्यात. हेतू पक्षांतर रोखण्याचा होता. उड्या थांबल्या का? ते महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. पण विधेयकावर स्वतःच्या बुद्धीनं मत देण्याचं धाडस मात्र संपलं. आमदार आधीच बटण झालेला आहे, बोट पक्षाचं आहे. मग लोक म्हणणारच, की बटणच हवं असेल तर आमच्या हातात द्या! 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीनं सुचवलं होतं, की ही अपात्रता विश्वास-अविश्वासाच्या आणि अर्थविधेयकाच्या मतदानापुरती ठेवा. ही शिफारस आजही मागण्यासारखी आहे.

आणि मोबाइलचं काय करायचं? तो वापरा, पण 'हो-नाही'साठी नको. केंद्र सरकारनं 2014 मध्ये धोरण ठरवलं, की विधेयकाचा मसुदा संसदेत आणण्यापूर्वी निदान 30 दिवस जनतेसमोर ठेवावा. ते धोरण आहे, कायदा नाही, म्हणून पाळलं नाही तरी चालतं. त्याचा कायदा करा. मसुदा मराठीत द्या, प्रत्येक आक्षेप नोंदवा, आणि तो का स्वीकारला किंवा का नाकारला याचं लेखी कारण संबंधित मंत्र्यानं सभागृहात द्यावं, अशी सक्ती करा. आम्हाला मोबाइलवर बटण नको, मसुदा हवा. उत्तर देण्याची पाळी आपली नाही, त्यांची आहे, आणि ती त्यांच्यावरून काढून घेण्याचा मोठेपणा आपण करू नये, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.