‘नर्स’ ह्या शब्दाविषयीं

शब्दाचें मूळ सांपडलें म्हणजे त्याचा अर्थ हातीं आला, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. इंग्रजींतील ‘नर्स’ ह्या नित्याच्या शब्दावर ती समजूत आम्ही येथें पारखून पाहणार आहों.

‘पोसणें, अंगावर पाजणें’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघून हा शब्द फ्रेंचमार्गें इंग्रजींत आला. परक्याच्या मुलास पाजणारी स्त्री, ती नर्स. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकांतील नर्स अशीच आहे; तिची स्वतःची सुसान दगावली, आणि जिला पाजलें त्या ज्युलिएटवर तिचा जीव जडला. पुढें पाजणें सुटलें, सांभाळणें राहिलें, व रोग्याची शुश्रूषा करणारीसही तेंच नांव मिळालें. क्रियापद तर याहूनही दूर गेलें. इंग्रज मनुष्य मनांतील डूखही ‘नर्स’ करतो, आणि रोपें वाढविण्याच्या जागेस ‘नर्सरी’ म्हणतो. जपून वाढविणें हा धागा सर्वत्र एकच.

मूळ इतकें गोड असतां ह्या नांवास प्रतिष्ठाही सहजच लाभली असेल, असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ (१८४३-४४) ह्या कादंबरींतील मिसेस गॅम्प ही नर्स मद्यपी आणि रोग्याविषयीं बेफिकीर आहे. पालट झाला तो शिक्षणानें. नाइटिंगेलबाईंच्या नांवाचें विद्यालय लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत १८६० सालीं निघालें. १९१९ सालीं नोंदणीचा कायदा झाला. तरीही पुरुषांची नोंद वेगळ्या पुरवणी यादींत होई, व ही स्थिति १९४९ पर्यंत टिकली. शब्दांतील दूध अद्याप आटलें नव्हतें, असेंच म्हणावें लागतें.

आमचा आक्षेप ह्या दुधाच्या दुरुपयोगावर आहे. शुश्रूषा हा स्त्रीचा स्वभावच, असें एकदां ठरलें कीं स्वभावाला वेतन कसलें, हा प्रश्न ओघानेंच येतो. चरकसंहितेनें परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत: उपचारांचें ज्ञान, दक्षता, प्रीति आणि शुचिता. ज्ञान पहिलें, प्रीति तिसरी. हा क्रम आम्हांस मननीय वाटतो.

मराठींत आपण ‘परिचारिका’ असें छापतों, व रुग्णालयांत ‘सिस्टर’ अशी हांक मारतों. इंग्लंडांत ‘सिस्टर’ हें वॉर्डाच्या प्रमुखाचें पद. आपल्याकडे ती सर्वांचीच बहीण. हांकेंत आदर आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु बहिणीकडून विनामोल सेवा घेण्याची संवयही आपल्यांत फार जुनी आहे. तेव्हां तिला कोणत्या नांवानें हांक मारावी ह्याचा खल करण्यापूर्वीं, रात्रपाळीस तिच्या एकटीच्या हातीं किती रोगी सोपविले आहेत, हें वाचकांनीं एकवार विचारावें.