बेघरांचा प्रश्न आणि कलामाध्यमे : ‘हमारा शहर’ व घर-प्रतिकृती प्रदर्शन यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :
मुंबईचा फुटपाथ मराठी वाचकास नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ यांच्या कवितेतून परिचित आहे. मात्र बेघरांविषयीचे ज्ञान मिळविण्याचे आणि त्यांच्या हक्कासाठी लढण्याचे साधन म्हणून कलेकडे मराठी समीक्षेने तुलनेने कमी पाहिले आहे. या दृष्टीने १९८५ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. १९८१ च्या पावसाळ्यात राज्य शासनाने पदपथवासीयांना हटविण्याची मोहीम हाती घेतली. त्यातून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. परंतु पदपथावर राहण्याचा हक्क नाकारला. त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट आणि ‘स्पार्क’ या संस्थेने केलेल्या पदपथवासीयांच्या गणनेचा अहवाल पुढे आला.

‘हमारा शहर’ : साक्ष आणि तिची मर्यादा
या माहितीपटात झोपड्या पाडल्या जात असतानाची दृश्ये आणि सुस्थित नागरिक व अधिकारी यांची मते परस्परांसमोर उभी केली आहेत. निवेदनापेक्षा या विरोधातूनच आशय व्यक्त होतो. तथापि चित्रपटाचे खरे बळ अन्यत्र आहे. एक विस्थापित स्त्री छायाचित्रण करणाऱ्यांनाच जाब विचारते : गरिबांचे चित्र काढून नाव तुमचे होणार, आमचे काय? दिग्दर्शकाने हा प्रसंग कापला नाही. संशोधकाच्या नैतिक स्थानाविषयीचा प्रश्न येथे संशोधनाच्या विषयानेच उपस्थित केला आहे. चित्रपटात शाहीर विलास घोगरे यांचे गाणेही आहे. ते स्वतः झोपडपट्टीत राहत असल्याने त्यांचे गाणे हे वस्तीचे आत्मकथन ठरते. १९९७ मध्ये रमाबाई नगरातील गोळीबारानंतर घोगरे यांनी जीवन संपविले. चित्रीकरण आटोपून कलावंत परत जाऊ शकतो, वस्तीतील गायक जाऊ शकत नाही, हे या घटनेवरून ध्यानात येते.

घर-प्रतिकृती प्रदर्शन : निर्मिती आणि वाटाघाट
‘स्पार्क’च्या गणनेत सुमारे ६,००० कुटुंबांची नोंद झाली. या प्रक्रियेतून संघटित झालेल्या भायखळा परिसरातील स्त्रियांनी ‘महिला मिलन’च्या माध्यमातून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात घराच्या पूर्णाकृती प्रतिकृती उभारल्या. मोजपट्टीऐवजी साडीने लांबी-रुंदी मोजण्यात आली. खोली लहान असली तरी चालेल, पण उंची वाढवून आत माळा हवा, ही मागणी रोजच्या जगण्याच्या अनुभवातून आली. प्रदर्शन पाहण्यास आलेल्या अधिकाऱ्यांना घर कसे असावे हे बेघर स्त्रियांनीच समजावून सांगितले. माहिती देणारी व्यक्ती येथे रचनाकार झाली.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. शासनाला मान्य होईल एवढ्याच घराचे स्वप्न पाहण्याची सवय वाटाघाटीतून लागू शकते. माणसावर फुटपाथवर राहण्याची वेळ का येते, हा मूलभूत प्रश्न प्रतिकृती विचारीत नाही. तो शाहिराचे गाणे विचारते. म्हणून ही दोन माध्यमे परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहेत.

समारोप :
बेघरांविषयीच्या कलाकृतीचे मूल्य प्रेक्षकाच्या मनात निर्माण होणाऱ्या करुणेवरून ठरविणे अपुरे आहे. त्या कृतीतून निर्माण झालेले ज्ञान अखेरीस कोणाच्या हाती राहिले, हा अधिक योग्य निकष होय. साडीने घेतलेले माप त्या स्त्रियांजवळ राहिले आणि पुढील वाटाघाटीत उपयोगी पडले. महाविद्यालयांतून पथनाट्ये, भित्तिपत्रके व वस्ती-सर्वेक्षणे वारंवार होतात. अहवाल विभागाच्या कपाटात आणि पारितोषिक कार्यालयात राहणार असेल, तर वस्तीतील त्या स्त्रीचा प्रश्न अशा प्रत्येक उपक्रमालाही लागू पडतो.