हंशावांचून विनोद

‘द लाइफ ऑफ रायली’ ह्या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेचें पहिलें रूप जेमतेम सहा महिने टिकलें. ऑक्टोबर १९४९ मध्यें सुरू होऊन २६ भागांनंतर, मार्च १९५० मध्यें, तें बंद पडलें. दोष बहुधा नटाच्या निवडीस दिला जातो. नभोवाणीवर चेस्टर रायलीची भूमिका करणारा विल्यम बेंडिक्स चित्रपटाच्या करारानें बांधलेला. म्हणून ती ३३ वर्षांच्या जॅकी ग्लीसनकडे आली. पुढें १९५३ पासून बेंडिक्सनेंच ती पांच वर्षें यशस्वीपणें वठविली. एवढ्यानें वादाचा निकाल लागला, असें मला वाटत नाहीं.

ग्लीसनचे डोळे भोळ्या रायलीला शोभण्याहून अधिक चलाख आहेत, हें खरें. शिवाय संवाद कानासाठींच रचल्यासारखे वाटतात. डोळ्यांना काम थोडें. पण ही मालिका फिल्मवर घेतलेली असून तिला प्रेक्षकांचा हंशा जोडलेला नाहीं, आणि तिचें खरें वैशिष्ट्य येथेंच आहे. विमानाच्या कारखान्यांत रिव्हेट ठोकणारा हा गृहस्थ कांहीं अर्धवट ऐकतो, त्यावर बेत रचतो आणि तोंडघशीं पडतो. मग ‘काय हें किळसवाणें वळण!’ अशा अर्थाचें त्याचें ठरलेलें पालुपद येतें. हंशाच्या गजरांत तें चुटक्यासारखें विरून गेलें असतें. येथें मात्र त्यामागून क्षणभर शांतता पसरते, आणि दिवसभर राबून घरीं आलेला माणूस आपल्यापुढें उभा राहतो. प्रेतसंस्काराचा धंदा करणाऱ्या डिगर ओ’डेलच्या कोट्याही ह्या शांततेंत विनोदाहून थोड्या अधिक गार लागतात. (जॉन ब्राउननें तो झकास उभा केला आहे.) रोझमेरी डी-कँपची पेग नवऱ्यावर फारशी उखडत नाहीं, ती ऐकून घेते. तिच्या त्या सोशिकपणानें रायली अधिकच उघडा पडतो.

‘द हनिमूनर्स’मधील (१९५५-५६) ग्लीसनचा बसचालक राल्फ क्रॅमडन हा थोर निर्मिति, यांत शंका नाहीं. परंतु राल्फला मुलें नाहींत. त्याची फजिती बायको आणि शेजारी पाहतात, आणि सभागृह त्यावर खदखदून हंसतें. रायलीची फजिती बॅब्स आणि ज्युनिअर पाहत असतात, आणि त्या दिवाणखान्यांत कोणीही हंसत नाहीं.